शंभूराजांना पुन्हा कैद करू नका!

औरंगजेबाने संभाजीराजांना एकदा मारले. आम्ही मराठी माणसांनी त्यांना अडीचशे वर्षे मारले!

वाक्य कडू लागेल. लागू द्या. १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वरला राजे पकडले गेले आणि ११ मार्च १६८९ रोजी तुळापूरला त्यांचा वध झाला. शत्रूचा सूड पाच-सहा आठवड्यांत आटोपला. पण त्यानंतर आमच्याच बखरकारांनी, आमच्याच नाटककारांनी आणि आमच्याच शाळामास्तरांनी त्या राजाच्या नावाला जे काळे फासले, ते पुसायला १९६० साल उजाडावे लागले. व्यसनी, बाईलवेडा, बापाने कमावलेल्या राज्याची माती करणारा दिवटा पोर! हीच त्याची ओळख आमच्या आज्या-पणज्यांनी शाळेत घोकली, थेटरात पाहिली आणि ओसरीवर बसून नातवंडांना सांगितली.

आणि आज? आज त्याच राजाच्या नावाने टाळ्यांचा कडकडाट होतो. फटफटीच्या मागे त्याचे चित्र, मोटारीच्या काचेवर त्याचे नाव. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. याचा आनंद कोणत्या मराठी माणसाला होणार नाही? आम्हांलाही झाला. पण त्याच नावाने पुतळे नदीत जातात, त्याच नावाने गावात दुफळी पडते, त्याच नावाने सिनेमावाल्याला माफी मागावी लागते, हेही आमच्याच डोळ्यांसमोर घडते आहे. म्हणून वाचकहो, आज आम्हांला तुम्हांला एकच प्रश्न विचारायचा आहे. काल शिव्या मोजताना आम्ही कागद पाहिला नाही. आज आरती ओवाळताना तरी पाहतो आहोत काय?

बखरीचे विष

ही काळोखी आली कुठून, ते आधी पाहू. संभाजीराजांची जी कुप्रसिद्ध प्रतिमा घरोघर पोचली, तिचा मोठा झरा म्हणजे मल्हार रामराव चिटणिसांची बखर. ती केव्हा लिहिली? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. म्हणजे राजे जाऊन सव्वाशे वर्षे झाल्यावर! आणि लिहिणारा कोण? १६८१ साली फितुरीच्या आरोपावरून संभाजीराजांनी ज्या बाळाजी आवजी चिटणिसांना देहदंड दिला, त्यांच्याच वंशातला. आता सांगा, ज्याच्या घरात पिढ्यानपिढ्या हे दुःख उगाळले गेले, त्याच्या लेखणीतून त्या राजाची स्तुती उतरणार? माणूसच तो. त्याच्या घरचे दुःख खोटे नव्हते. पण घरचे दुःख म्हणजे राज्याचा इतिहास नव्हे, एवढे तारतम्य वाचणाऱ्याने ठेवायला नको होते काय?

या बखरीतली एक गोष्ट पाहा, म्हणजे सगळ्या भाताची परीक्षा शितावरून होईल. राजे १६८० साली रायगडावर आले आणि आल्या आल्या त्यांनी सावत्र आई सोयराबाई हिला भिंतीत चिणून मारले, अशी ही कथा. किती नाटकांनी ही भिंत उभी केली असेल! आता कागद काय म्हणतो? ऑगस्ट १६८० मधले, बाकरे घराण्याला दिलेले संभाजीराजांचे संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे. त्यात या सावत्र आईचे मन स्फटिकासारखे निर्मळ असल्याचे म्हटले आहे आणि बोट दाखवले आहे ते तिचे कान भरणाऱ्या मंत्र्यांकडे. बरे, सोयराबाई वारली केव्हा? १६८१ साली. म्हणजे बखरकाराने भिंतीत गाडलेली बाई त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ रायगडावर चालत-बोलत होती!

पुढे १८२६ साली ग्रँट डफ साहेबाने मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत छापला. त्यानेही बखरींचा आधार घेतला. मग काय, साहेबाच्या पुस्तकात छापून आले म्हणजे ब्रह्मवाक्य! तेच शाळेच्या पुस्तकांत उतरले. घरच्या वैराने सुरू झालेली गोष्ट साहेबाचा शिक्का घेऊन परत आमच्याच घरात आली आणि आम्ही ती माथी लावली.

रंगभूमीने रंग चढवला

बखर वाचणारे किती? मूठभर. पण नाटक पाहायला सारा गाव लोटतो. औंधकरांच्या ‘बेबंदशाही’ने संभाजीराजांचा काळ रंगभूमीवर आणला. नावातच निकाल! भालजी पेंढारकरांच्या ‘थोरातांची कमळा’ या बोलपटाने राजांच्या प्रेमाची कथा पडद्यावर आणली. त्या कमळेला समकालीन कागदात आधार मिळत नाही. पण थेटरातल्या काळोखात दप्तर कोण उघडतो?

आणि राम गणेश गडकरी! ‘राजसंन्यास’ हे त्यांचे नाटक अपुरेच राहिले. १९१९ च्या जानेवारीत, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, गडकरी गेले. पण त्या अपुऱ्या नाटकातल्या भाषेची झळाळी अशी, की त्यातला विलासात बुडालेला आणि शेवटी पश्चात्तापाने पोळलेला संभाजी मराठी माणसाच्या मनात कायमचा घर करून बसला. गडकऱ्यांच्या हाताशी त्या काळी जे साहित्य होते, त्यावर त्यांनी नाटक रचले. ते चूक होते? इतिहास म्हणून होय, चूक होते. पण गडकऱ्यांनी ते इतिहास म्हणून लिहिले नव्हते. ते नाटक आम्ही इतिहास म्हणून पाहिले! नाटककाराचा दोष एक आणा असेल, तर प्रेक्षकाचा पंधरा आणे.

दप्तरातली चाळीस वर्षे

मग या राजाला सोडवले कोणी? तलवारीने नव्हे. मोर्चाने नव्हे. एका चिवट माणसाने, दप्तरात मान मोडून बसून!

वा. सी. बेंद्रे हे ते नाव. हा गृहस्थ तारुण्यात या कामाला लागला. इथली दप्तरे चाळली, विलायतेला जाऊन तिथले कागद पाहिले, फारशी, पोर्तुगीज, इंग्रज साधने ताडून पाहिली, वढू बुद्रुकच्या समाधीचा छडा लावला. सुमारे चाळीस वर्षांच्या खटाटोपानंतर १९६० साली त्यांचा ‘छत्रपती संभाजी महाराज’ हा ग्रंथ बाहेर आला. साल ध्यानात घ्या, १९६०! ज्या साली १ मे रोजी मराठी माणसाला त्याचे राज्य मिळाले, त्याच साली त्याला त्याचा दुसरा छत्रपती परत मिळाला. राज्यासाठी रस्त्यावर रक्त सांडावे लागले. राजासाठी एका माणसाला डोळ्यांचे पाणी करावे लागले. दोन्हींची किंमत सारखीच मोलाची.

मागोमाग १९७१ साली डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा प्रबंध ग्रंथरूपाने आला. एका विदुषीने पुन्हा एकदा एक-एक आरोप घेतला, एक-एक कागद लावून पाहिला आणि ज्याला आधार नाही तो बाजूला काढला.

कागदांतून निघाला तो राजा कसा होता? ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ ज्याच्या नावावर आहे, आमेरच्या रामसिंगाला ज्याने संस्कृतात पत्र लिहून औरंगजेबाविरुद्ध उठायला सांगितले, असा विद्वान. आणि शिपाईगडी कसा? जानेवारी १६८१ मध्ये राज्याभिषेक झाला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मराठी फौज बुऱ्हाणपूरवर जाऊन आदळली. जंजिऱ्याचा सिद्दी, गोव्याचा फिरंगी, म्हैसूरचा चिक्कदेवराय आणि खुद्द दिल्लीपती, असे चार दुस्मान एकाच वेळी अंगावर घेऊन हा माणूस आठ वर्षे लढला. नाशिकजवळचा एवढासा रामसेज किल्ला! तोही मोगलांना काही वर्षे झुंजवीत राहिला. १६८१ साली दक्षिणेत निघालेला औरंगजेब पुन्हा दिल्ली पाहू शकला नाही. नाकर्त्या, व्यसनी पोराच्या हातून हे होते काय?

येसूबाई राणीसाहेबांच्या शिक्क्यात ‘श्री सखी’ असा शब्द आहे. कारभाराचा शिक्का राणीच्या हाती आणि त्यात तिला सखी म्हणणारा राजा! या एका शब्दापुढे बाईलवेडेपणाच्या साऱ्या नाटकी कहाण्या फिक्या पडतात. हीच बाई पुढे मोगलांच्या कैदेत राहिली आणि १७१९ साली परत आली. तीस वर्षांची कैद! तिच्यावर नाटके किती लिहिली गेली, ते मोजा एकदा.

राजा घरी आला

एक गोष्ट मात्र मोकळ्या मनाने कबूल केली पाहिजे. कागदाने राजाला सोडवले, पण त्याला घरोघर पोचवले ते नाटक-कादंबरीनेच. १९६२ साली वसंत कानेटकरांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ रंगभूमीवर आले आणि काशिनाथ घाणेकरांच्या रूपाने बापाच्या मायेला भुकेलेला, जखमी वाघासारखा संभाजी लोकांनी पाहिला. खलनायक गेला, माणूस आला. १९७९ साली शिवाजी सावंतांची ‘छावा’ कादंबरी आली. पोरांनी ती उशाशी घेऊन रात्री जागवल्या. २०१७ ते २०२० या काळात ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका दूरचित्रवाणीवर चालली. बायाबापड्या चूल लवकर आवरून तिच्यासमोर बसल्या. राजांचे काम करणारे अमोल कोल्हे २०१९ साली शिरूरमधून लोकसभेवर निवडून गेले. पडद्याची ताकद ही अशी असते! आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ हा हिंदी चित्रपट आला. साऱ्या देशाने संभाजीराजांचा अंत पाहिला. मराठी कळत नाही असे लोकही थेटरातून डोळे पुसत बाहेर पडले.

हे सारे चांगले झाले. ज्या पडद्याने राजाला बदनाम केले, त्याच पडद्याने त्याचे कर्ज फेडले. पण पडदा तो पडदाच. काल त्याने खोटे सांगितले तेव्हा आम्ही मान डोलावली आणि आज तो आमच्या मनासारखे सांगतो म्हणून तेवढीच मान डोलावली, तर आमच्यात फरक तो काय पडला? प्रतिमा बदलली, पण पाहण्याची सवय जुनीच राहिली!

आता ही नवी कैद

या सवयीची फळे पाहा.

जानेवारी २०१७. पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा रात्रीच्या काळोखात उखडला आणि मुठेच्या पात्रात फेकला. का? तर ‘राजसंन्यास’मध्ये राजांची बदनामी आहे म्हणून. अहो, त्या बदनामीला बेंद्र्यांनी छप्पन्न वर्षांपूर्वीच ग्रंथ लिहून उत्तर दिले होते! ज्यांना पुतळा उचलता आला, त्यांना तो ग्रंथ उचलणे जड गेले काय? गडकऱ्यांचे उत्तर बेंद्रे आहेत, हातोडा नव्हे.

डिसेंबर २०१७. वढू बुद्रुक. राजांच्या देहाचे अंत्यसंस्कार कोणी केले, गोविंद गोपाळ महार यांनी की शिवले-देशमुखांनी, यावरून समाधीजवळ फलक लागले, फलक उखडले, गावात तेढ माजली. पाठोपाठ १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावच्या परिसरात दंगल उसळली. जरा विचार करा हो! दोन्ही परंपरा सांगतात काय? बादशहाची दहशत न जुमानता या गावातल्या माणसांनी आपल्या राजाचे अंत्यसंस्कार केले. ज्या गोष्टीचा साऱ्या गावाने मिळून अभिमान धरावा, तिचीच आम्ही जातवार वाटणी करायला निघालो. राजाच्या देहाचे तुकडे शत्रूने केले. त्याच्या स्मृतीचे तुकडे कोण करतो आहे?

२०२५. ‘छावा’च्या झलकीत राजे लेझीम खेळताना दिसले, त्यावरून गदारोळ झाला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य कापले. मग शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, की गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांना फितूर ठरवून आमच्या कुळाला काळिमा लावला. दिग्दर्शकाने माफी मागितली. आता संगमेश्वरची खबर मोगलांना कोणी दिली, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. वाद करायला जागा आहे, आणि तो करावाच. पण या गोंधळात एक साधी गोष्ट कोणाच्या ध्यानात राहिली? येसूबाई कोणाची लेक? शिर्क्यांचीच! एकाच घरात फितुरीचा आळ घेतलेला भाऊ आणि तीस वर्षे कैद सोसणारी बहीण. कुळाला एकच रंग देणाऱ्याने हे कोडे सोडवून दाखवावे. सोयराबाईचा सख्खा भाऊ हंबीरराव मोहिते! भाच्याला गादी मिळत असतानाही तो संभाजीराजांच्या बाजूने उभा राहिला. आणि बाळाजी आवजींचा मुलगा खंडो बल्लाळ! बाप मारला गेला तरी त्याने स्वराज्याची चाकरी सोडली नाही. इमान आडनावावर ठरत नाही, हे त्या काळच्या माणसांनी दाखवून दिले. आम्ही साडेतीनशे वर्षांनंतर आडनावे मोजत बसलो आहोत!

त्याच मार्चमध्ये मध्य प्रदेशातल्या असीरगडाजवळ लोकांनी काय केले, ठाऊक आहे? पडद्यावर मोगली खजिना पाहिला म्हणून रात्री विजेऱ्या घेऊन लोकांची शेते खणली! हसू नका. सिनेमा पाहून सोन्यासाठी शेत खणणारा आणि सिनेमा पाहून शेजाऱ्याचे डोके फोडणारा, दोघांची चूक एकच. आणि डोकीही फुटलीच. औरंगजेबाची खुलताबादची कबर उखडा, या मागणीवरून १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात दंगल झाली, संचारबंदी लागली, एक माणूस जिवाला मुकला. आमचे मत आम्ही स्वच्छ सांगतो. ती कबर म्हणजे मराठ्यांच्या विजयाची पावती आहे. मराठ्यांचे राज्य बुडवायला आलेला बादशहा पंचवीस वर्षे या डोंगरांत रखडला, १७०७ साली इथेच मेला आणि इथल्याच मातीत गेला. कर्ज वसूल झाल्यावर पावती फाडतो तो शहाणा सावकार नव्हे!

पुरता राजा हवा, अर्धा नको

काही जण म्हणतील, तुम्हांला राजांचे दोषच शोधायचे आहेत. छे! आम्हांला पुरता राजा हवा आहे. डिसेंबर १६७८ मध्ये युवराज संभाजी दिलेरखानाला जाऊन मिळाले, ही गोष्ट खरी आहे. वर्षभराने ते तिथून निसटून परत आले, हीही खरी आहे. पन्हाळ्यावर बाप-लेकांची भेट झाली, हीही खरी आहे. पहिली गोष्ट पुसली तर दुसरीचा अर्थ उरत नाही. जो कधी चुकलाच नाही, त्याच्या तुळापूरच्या निश्चयाची किंमत कशी कळणार? एकविसाव्या वर्षी वाट चुकलेला हा तरुण बत्तिसाव्या लागण्याआधी, समोर मरण उभे असताना, वाकला नाही. यात मोठेपणा आहे. देवाला मोठेपणा लागत नाही, माणसाला लागतो.

आणि कवी कलश? या ‘परप्रांतीया’ला आमच्या बखरींनी कपटी मांत्रिक ठरवले, राजाला नादी लावणारा ठरवले. मराठी राज्यासाठी भांडलेल्या माणसांनी तर हे नाव विशेष जपले पाहिजे. उत्तरेकडचा हा ब्राह्मण राजाबरोबर पकडला गेला, राजाबरोबर हाल सोसले आणि राजाबरोबरच मेला. आमची भाषा आमची आई आहे, पण निष्ठेला मातृभाषा नसते.

काय करावे?

नुसते ओरडून चालणार नाही. काम सांगतो.

पहिले काम मोडीचे. या राज्याच्या दप्तरखान्यांत कोट्यवधी मोडी कागद पडून आहेत आणि ते वाचणारी माणसे थोडी. राजाच्या नावाने घोषणा देणाऱ्या दर शंभर तरुणांतल्या एकाने जरी मोडी शिकली, तरी उद्याचा बेंद्रे त्यांच्यातून निघेल. सरकारने पुतळ्यांवर खर्च करावा. पण त्यातला चौथाई भाग तरी कागदांच्या जपणुकीवर, छपाईवर आणि वाचकांच्या पगारावर करावा, ही आमची मागणी आहे.

दुसरे काम नाटक-सिनेमावाल्यांचे. कल्पना करा, खुशाल करा. कल्पनेशिवाय कला नाही. पण कुठले पात्र कागदातले आणि कुठले डोक्यातले, एवढे प्रेक्षकाला सांगा. कोपऱ्यात दोन क्षण चमकणारी मुंगीसारखी अक्षरे नकोत. पुस्तिका काढा, कागद दाखवा. मराठी प्रेक्षक अडाणी नाही.

तिसरे काम तुमचे-आमचे. राजाबद्दल कोणी वावगे लिहिले तर त्याला विचारा, कागद कुठे आहे? कोणी गोड लिहिले तर त्यालाही विचारा, कागद कुठे आहे? दोघांना एकच प्रश्न. यात भित्रेपणा नाही. दगड मारायला क्षणभर पुरतो, कागद शोधायला आयुष्य लागते. धाडस कशात जास्त आहे, ते तुम्हीच ठरवा.

बखरीच्या कैदेत हा राजा अडीचशे वर्षे होता. त्याला तिथून बाहेर काढताना एकही काच फुटली नाही. आता त्याला जातीच्या, आडनावांच्या आणि रागाच्या नव्या तुरुंगात टाकू नका. ज्याने बादशहापुढे मान वाकवली नाही, त्याला स्वतःच्या बचावासाठी आमच्या हातातल्या दगडांची गरज नाही. त्याची कैफियत कागदात आहे. ती वाचायला शिका!